ऑनलाइन गेममध्ये जिंकलेले पैसे, खोटे रिफंड आणि आयकर रिटर्न: या चुका टाळा

जून लागला की सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसात आयकर रिटर्न भरणाऱ्यांची गर्दी सुरू होते. गेल्या आठवड्यात हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आला. "काका, नुसता पगार आहे, पाच मिनिटांचं काम," म्हणाला. आयकर पोर्टलवर त्याचं एआयएस (वर्षभराच्या कमाईचा आणि व्यवहारांचा खात्याकडचा तपशील) उघडलं, तर पगाराखाली आणखी एक ओळ निघाली: कलम १९४बीए, ऑनलाइन गेममध्ये जिंकलेले ६०,००० रुपये, टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) १८,०००. तो गप्पच झाला. घरी कुणाला पत्ताच नव्हता.

एका अ‍ॅपवर त्याने १,२०,००० रुपये भरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा आला, अ‍ॅपने खेळ थांबवले, तेव्हा त्याने खात्यातले सगळे १,८०,००० काढून घेतले. दुसऱ्या अ‍ॅपवर मात्र ९०,००० घालवून बसला होता. "माझे तर पदरचे ३०,००० गेले, मग कर कसला?" त्याचा प्रश्न मला कळतो, पण कायदा तसा हिशेब करत नाही. पहिल्या अ‍ॅपवरची जिंकलेली निव्वळ रक्कम ६०,०००, तिच्यावर कलम ११५बीबीजे प्रमाणे ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे १८,७२०. दुसऱ्या अ‍ॅपवरचा तोटा त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. टीडीएस १८,००० कापलेला आहे, वरचे ७२० आपण भरायचे. हे ७२० विसरले की खात्याकडून डिमांड, म्हणजे थकबाकीची मागणी येते.

याच्याच जोडीची चूक म्हणजे "१२ लाखांपर्यंत कर नाही" यावर विसंबून राहणं. नव्या करप्रणालीतली ती सूट २०२५-२६ पासून जिंकलेल्या रकमेला लागत नाही. मूळ करमाफीची मर्यादाही लागत नाही. त्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्या, एक रुपयाही पगार नसलेल्या मुलाचे आईवडील जेव्हा "कापलेला टीडीएस परत मिळेल ना?" असं विचारतात, तेव्हा मला नाही म्हणावं लागतं. फार वाईट वाटतं.

रिटर्नच्या आयटीआर-१ या फॉर्ममध्ये ही जिंकलेली रक्कम दाखवता येत नाही, आयटीआर-२ घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी २०२५-२६ च्या कमाईला १९६१ चाच कायदा आहे, तेव्हा कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका. लॉटरीत किंवा पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यावर जिंकलेली रक्कम वेगळ्या कलमात बसते, पण दर तोच. पैजेवर जीएसटी भरून झाला, आता आयकर कशाला, असंही काही जण म्हणतात. दोन्ही कर वेगळे आहेत.

परदेशी सट्टा अ‍ॅपवाल्यांची समजूत अशी की टीडीएस कापला नाही, म्हणजे कुणाला कळलं नाही. बेकायदा कमाईवरही कर लागतोच, आणि इथे मोठा धोका वेगळाच असतो. जिंकलेले पैसे अ‍ॅपच्या नावाने न येता कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून यूपीआयने येतात. त्या खात्यावर सायबर तक्रार झाली की तुमच्या खात्यातली रक्कम बँक अडकवून ठेवते, आणि पगाराच्या दिवशी एटीएमसमोर उभं राहिल्यावर ते कळतं. असं झालं तर आधी शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि कोणत्या पोलीस ठाण्यातून पत्र आलं ते लेखी घ्या. आणि कृपा करून, "महिन्याला काही हजार देतो, फक्त खातं वापरू दे" म्हणणाऱ्याला मुलांनी खातं देऊ नये. पैसा दुसऱ्याचा असला तरी जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.

आता रिफंड काढून देणारे एजंट. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण यात सरळ नोकरदार माणसं अडकतात. कधी नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला कलम ८०जीजीसीखाली देणगी, न दिलेलं घरभाडं, न घेतलेलं कर्ज असं सगळं भरून रिफंड काढतात आणि त्यातला हिस्सा घेतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा प्रकरणांत देशभर १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो रिटर्न ज्याच्या नावावर त्याला लागतो.

आजच पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल पाहा. एजंटचा ईमेल असेल तर नोटीस त्यालाच जाते आणि तुम्हाला मुदत संपल्यावर कळतं. आधी तो बदला. मग गेल्या वर्षांचे रिटर्न डाउनलोड करून एकेक वजावट पावतीशी ताडून बघा. खोटी निघाली आणि मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा, नसेल तर आयटीआर-यू, म्हणजे मुदतीनंतर भरायचा अद्ययावत रिटर्न. आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत तो भरता येतो. पहिल्या वर्षी जादा कर २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०.