शेजारच्या गावची विहीर मोजली का?

२०१६च्या नोव्हेंबरात लिहिलेला एक अहवाल आठवला की माझे कान अजून गरम होतात. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत सांख्यिकीची विस्तार अधिकारी होते. जलयुक्त शिवारची कामं झालेल्या गावांत निरीक्षण विहिरींचं पाणी ऑक्टोबर २०१५ला सरासरी ९.२ मीटर खोल होतं, ऑक्टोबर २०१६ला ५.४ मीटरवर आलं. मी ठोकून दिलं: योजनेमुळे पातळी ३.८ मीटरनं वाढली.

साहेबांनी एवढंच विचारलं, "मॅडम, काम न झालेल्या गावची विहीर मोजली का?"

मोजलेली होती. आकडे त्याच रजिस्टरात, पुढच्या पानावर. ८.१वरून ५.०. म्हणजे एक कुदळ न मारता ३.१ मीटर. आदल्या साली इतका कोरडा दुष्काळ होता की एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि मग पाऊस भरभरून झाला. ३.८मधून ३.१ गेले. योजनेच्या वाट्याला फार तर ०.७.

या वजाबाकीला अभ्यासक 'डिफरन्स-इन-डिफरन्सेस' म्हणतात. अर्धप्रयोगाचा, म्हणजे क्वासी-एक्सपेरिमेंटचा, हा सगळ्यात कामाचा प्रकार. खऱ्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून निम्म्या गावांना बंधारे द्यायचे आणि निम्म्यांना नाही. ग्रामसभेत हे बोलून बघा! (सरपंचपदाचं आरक्षण मात्र सोडतीनं निघतं, हा भाग वेगळा.) म्हणून योजना जशी राबवली गेली तशीच घ्यायची, आणि ती आली नसती तर काय झालं असतं हे सांगणारी जोडीची गावं शोधायची.

पण ०.७वरही लगेच सही करू नका. मी तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, गावं निवडली कोणी आणि कशावरून? आमच्याकडे सगळ्यात कोरडी गावं आधी घेतली होती. तळाला गेलेली गोष्ट पुढच्या साली थोडी आपोआपच वर येते. अमेरिकेत कनेटिकट राज्यात १९५५ला अपघातात ३२४ माणसं गेली, वेगावर कडक कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी आकडा २८४वर आला. गव्हर्नरांनी श्रेय घेतलं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी मागची वर्षं आणि शेजारची राज्यं शेजारी मांडून दाखवलं की १९५५ हे साल मुळातच वाईट होतं, त्यामुळे त्या घसरणीचं सगळं श्रेय कारवाईला देता येत नाही.

दुसरी, योजनेआधी दोन्ही गटांची चाल सारखी होती का? आलेखाचा कागद घ्या आणि मागच्या पाचसहा ऑक्टोबरांचे आकडे दोन रंगांत काढा. रेघा एकमेकींना समांतर असतील तर वजाबाकीला अर्थ. माझ्या कागदावर चार गावांची रेघ उसामुळे आधीपासूनच जास्त वेगानं खाली चालली होती. ती चार मी वेगळी काढली.

तिसरी गोष्ट पुस्तकात वाचली होती, पण कळली ती शिवारात. तुलनेला घेतलेलं एक गाव बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, त्याच पाणलोटात होतं. वरच्या गावात मुरलेलं पाणी त्याच्याही विहिरीत उतरत होतं. म्हणजे 'काम नसलेलं' गाव फुकटात लाभार्थी! तुलनेचं गाव माथ्याच्या पलीकडचं घ्या. तलाठ्याला विचारा, नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

शेजारी कसा निवडावा याचा माझा आवडता नमुना बिहारचा. २००६ला तिथल्या सरकारनं नववीत गेलेल्या मुलींना सायकली दिल्या. नुसत्या मुली मोजल्या असत्या तर शाळाही वाढत होत्या आणि रस्तेही, मग श्रेय कोणाचं? कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी मुलींची वाढ आधी बिहारच्याच मुलांशी ताडली, आणि तो फरक झारखंडमधल्या तशाच फरकाशी. २०००पर्यंत दोन्ही एकच राज्य होतं, यापेक्षा जवळचा शेजारी कुठला? मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचं निघालं, आणि ती मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. सायकलचाच परिणाम असेल तर तो तिथेच दिसायला हवा.

शेजारी मिळालाच नाही तर शासन निर्णयातली अट वाचा. पंतप्रधान ग्राम सडक योजनेत सपाटीच्या भागात ५०० लोकसंख्येची अट होती. ४९० आणि ५१० वस्तीच्या गावांत तसा काय फरक असतो? पण एकाला रस्ता आधी मिळतो. अटीच्या अगदी अलीकडची आणि पलीकडची गावं ताडायची. आशर आणि नोवोसाद या अर्थतज्ज्ञांनी अशीच तुलना केली. रस्त्यामुळे लोक शेतीबाहेरच्या कामाला जाऊ लागले, पण शेतीच्या उत्पन्नात फारसा फरक पडला नाही, असं त्यांना दिसलं.

आणि आकडे योजनेच्याच प्रगती अहवालातून उचलू नका. आम्ही मोजणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची घेतली, कारण तिच्या माणसाला बंधाऱ्याचं उद्दिष्ट गाठायचं नव्हतं.

दुसऱ्या अहवालात चार गावं आणि खालच्या अंगाचं ते एक गाव वगळून फरक उरला ०.४ मीटर. विहिरी मोजक्याच, म्हणून "हा फरक योगायोगाचाही असू शकतो" असं खाली लिहिलं. साहेबांनी त्या ओळीखाली हिरव्या शाईनं रेघ ओढली आणि शेरा मारला: "मे महिन्याची पातळी पाहून पुन्हा सादर करा."