जुन्या सेसना १४० चं रिकामं वजन कसं उतरवायचं

सेसना १४० हे दोन जणांचं, शेपटीखाली चाक असलेलं छोटं विमान घेऊन लिहितोय कारण इथे अमेरिकेत मी आणि माझा मित्र मिळून १९४६ चं एक सांभाळतो, पण तुमच्याकडे लस्कम किंवा एरॉन्का चॅम्प असलं तरी काम साधारण असंच आहे. आधी गणित बघा. ग्रॉस वेट, म्हणजे भरलेल्या विमानाचं जास्तीत जास्त मंजूर वजन, १४५० पौंड, ते काही वाढत नाही. समजा रिकामं विमान ९६० भरलं, उरले ४९०, दोन्ही टाक्या फुल म्हणजे २५ गॅलन, त्याचे १५० गेले, राहिले ३४०, म्हणजे १७० ची दोन माणसं बसली की संपलं, डब्याची पिशवी पण नियमात बसत नाही.

पहिलं काम, विमान काट्यावर चढवा. कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका, ७५-८० वर्षांत कोणी रेडिओ लावला, कोणी काढला आणि बहुतेकांनी नुसती बेरीज वजाबाकी करून आकडा पुढे ढकललेला असतो. आमचं विमान कागदापेक्षा २२ पौंड जड निघालं, त्या दिवशी खरंच पोटात गोळा आला कारण आम्ही इतके दिवस त्याच कागदावर उडत होतो. काटे विकत घेऊ नका, ईएए या हौशी विमानवाल्यांच्या संघटनेच्या काही चॅप्टरकडे (शाखांकडे) असतात, विचारा. हँगरचं दार बंद, वारा नको, पेट्रोल काढलेलं, शेपूट उचलून विमान लेव्हल. १४० चे पुढचे पाय स्प्रिंग स्टीलचे आहेत (मूळ कल्पना विमान डिझायनर स्टीव्ह विटमनची), वजन आलं की ते बाहेर फाकतात आणि चाक काट्याला आडवं रेटतं, रीडिंग चुकतं, म्हणून विमान थोडं मागेपुढे ढकलून पाय मोकळे होऊ द्या. आणि तेलाचं बघा, जुन्या नियमांतल्या विमानांच्या रिकाम्या वजनात फक्त न निघणारं तेल धरतात, नव्यांत पूर्ण तेल, एका क्वार्टला जवळजवळ १.९ पौंड, त्यामुळे इथे घोळ झाला तर पुढचं सगळंच चुकतं.

आता काढायचं काय? माझं ऐकाल तर महागड्या पार्टच्या आधी पॅनलखाली शिरा. उताणं झोपून, डोक्याला टॉर्च लावून. आम्हाला तिथे कुठेच न जोडलेल्या वायरी, जुन्या एडीएफची (रेडिओवरून दिशा दाखवणारं यंत्र) केबल आणि लोरान या जुन्या रेडिओ नेव्हिगेशनचा अँटेना मिळाला, अमेरिकेत लोरान २०१० मध्येच बंद झालं तरी तो आपला बसलाय. सगळं पिशवीत भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ४ पौंड ६ औंस, खर्च शून्य. वायर कापण्याआधी दोन्ही टोकं शोधा, नुसती ओढू नका. मग कार्पेट आणि साउंडप्रूफिंग, जुना फोम तेल पाणी पिऊन बसलेला असतो आणि त्याच्या खाली गंज लपतो. पंखांत उंदराचं किंवा कुंभारमाशीचं घर आहे का तेही बघा.

मोठा फरक बॅटरीत पडतो. जुनी लेड अ‍ॅसिड २० पौंडांच्या वर, लिथियम ५-६. पण हाताला लागेल ती बसवायची नाही, तुमच्या मॉडेलला मंजुरी हवी, आणि ए अँड पी मेकॅनिकला (विमान दुरुस्तीचा परवाना असलेला) सामान काढण्याआधीच बोलवा, नंतर नाही. हलका स्टार्टर, जनरेटरऐवजी अल्टरनेटर, यातही काही पौंड जातात. रंगावर रंग चढलेला असेल तर तोही उतरवण्यासारखा आहे, फक्त स्ट्रिपर पंखाच्या कापडाजवळ नेऊ नका.

काही लोक सगळी इलेक्ट्रिक सिस्टिमच काढायचं म्हणतात. १४० ला ती कारखान्यातूनच आलेली आहे, त्यामुळे काढली तरी ट्रान्सपॉंडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) न लावण्याची जी सूट मुळातच इलेक्ट्रिक सिस्टिम नसलेल्या विमानांना असते, ती मिळत नाही. ईएलटीला (अपघात झाला की आपोआप सिग्नल पाठवणारं यंत्र) हात लावू नका. खांद्याचे पट्टे नसतील तर उलट बसवून घ्या, ते वजन मी आनंदाने वाहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य. वजन कुठून काढलं याला वजनाइतकीच किंमत आहे. उदाहरणापुरते आकडे घ्या: ९६० पौंड, सीजी ठरलेल्या बिंदूपासून १५ इंचांवर (या अंतराला आर्म म्हणतात), मोमेंट म्हणजे वजन गुणिले आर्म, १४,४००. मागून ६० इंचांवरून १८ पौंड काढले म्हणजे १०८० गेले, राहिले १३,३२० भागिले ९४२, सीजी आला १४.१४ वर, म्हणजे जवळजवळ इंचभर पुढे. नाक जड झालं की ब्रेक जोरात दाबल्यावर १४० नाकावर जाऊ शकतं, त्यासाठीच कितीतरी विमानांना व्हील एक्सटेंडर (चाकं थोडी पुढे नेणारे तुकडे) लावलेत, तेव्हा पौंड वाचवायला ते काढण्याआधी हा हिशोब करा. उलट पुढून स्टार्टर हलका केला की सीजी मागे सरकतो आणि शेपूट जड विमान स्पिनमधून बाहेर काढणं अवघड. म्हणून प्रत्येक वस्तू काढताना वहीत तीन गोष्टी लिहा, नाव, वजन, आर्म.

सगळं झालं की परत काट्यावर, नवीन वेट अँड बॅलन्सवर मेकॅनिकची सही तारीख, इक्विपमेंट लिस्टमधून काढलेल्या वस्तू खोडा आणि जुन्या कागदावर रद्द लिहून फाइलला लावा, फाडू नका. पहिलं उड्डाण एकट्याने, अर्ध्या पेट्रोलवर, लांब रनवेवर करा आणि ट्रिम (नाक वरखाली न होता विमान सरळ ठेवणारी सेटिंग) आधी जिथे असायचा तिथेच आहे का ते बघा.