कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागतोय?

विंडोज १० किंवा ११ चालू होताना रखडत असेल, तर सोबत आपोआप सुरू होणारी अ‍ॅप्स आधी तपासा. नवी रॅम घ्यायचा विचार त्यानंतर.

१. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल.
२. 'स्टार्टअप'मध्ये जाऊन 'स्टार्टअप इम्पॅक्ट'च्या रकान्यात 'हाय' असलेली नावं बघा.
३. नको त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. चॅटिंग, गाणी, गेम्सची अ‍ॅप्स बिनधास्त बंद करा. ती डिलीट होत नाहीत, हवी तेव्हा उघडता येतात.
४. रीस्टार्ट करा.

अँटिव्हायरस, साउंड आणि टचपॅडला मात्र हात लावू नका. नाव अनोळखी वाटलं तर राइट क्लिकमधल्या 'सर्च ऑनलाइन'ने आधी खात्री करा.