भाषणातले अलंकार मोजणं सोडलं तेव्हा

रेटरिकल क्रिटिसिझम म्हणजे भाषणं आणि चळवळी लोकांना कशा वळवतात, याची समीक्षा. त्यातला माझा पहिला निबंध परत आला, तेव्हा समासात एकच वाक्य होतं : "हे भाषणात आहे, ते मलाही दिसतं." मी रूपकं मोजली होती, अनुप्रास अधोरेखित केले होते, पुनरुक्तीचा तक्ता केला होता. मेहनत खरी होती, पण ती समीक्षा नव्हती.

नवखे बहुतेक इथेच अडकतात, कारण भाषण वाचायला आपण साहित्याच्या तासाला शिकलेलो असतो. अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट विचेल्न्स यांनी १९२५ मध्येच हा फरक मांडला होता : साहित्याची समीक्षा टिकाऊ सौंदर्य शोधते, भाषणाची समीक्षा त्या ऐकणाऱ्यांवर काय घडवलं गेलं ते पाहते. 'रेटरिक'साठी 'वक्तृत्व' हा शब्द मी शक्यतो टाळते. तो ऐकला की स्पर्धा, पाठ केलेलं भाषण आणि वेळ संपल्याची घंटा आठवते. या अभ्यासात चित्रं, घोषणा, उपोषण, मोर्चाचा मार्ग, सगळंच येतं.

सुरुवात सर्वनामांपासून करा. मराठी माणसाजवळ इथे एक आयतं हत्यार आहे. इंग्रजी 'वी'मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत 'आपण' की 'आम्ही' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं इंग्रजी भाषण घ्या. २६ जानेवारी १९५० रोजी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करणार आहोत, असं ते सांगतात : राजकारणात समता, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर विषमता सोसणारे लोक या सभेने कष्टाने उभारलेला राजकीय लोकशाहीचा डोलारा उडवून देतील, असा इशारा पुढे येतो.

त्या भागातल्या प्रत्येक 'वी'समोर मी एक दुपारभर 'आपण' की 'आम्ही' लिहीत बसले. हाती आलं ते असं : ज्यांनी स्वतः विषमता सोसली ते आंबेडकर 'आपण'मध्ये सभेबरोबर उभे आहेत आणि सोसणारे मात्र तृतीयपुरुषात गेले आहेत. वक्ता दोन्हीकडचा आहे, पण इशारा देताना तो ज्यांना इशारा द्यायचा त्यांच्याच बाकावर बसतो. म्हणून ती धमकी वाटत नाही. घरातल्याने घरच्यांना वेळेवर सांगितलेली गोष्ट वाटते. माझा निष्कर्ष तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही, पण त्यावर भांडता तरी येतं. "भाषण अत्यंत प्रभावी आहे" यावर भांडता येत नाही. असं वाक्य मसुद्यात दिसलं की खोडून टाका.

दुसरी सवय : जे केलं त्याऐवजी काय करता आलं असतं, ते शेजारी मांडून पाहा. मिठाचा कायदा मोडायचाच होता, तर गांधीजींना आगगाडीने झटपट समुद्र गाठता आला असता. कायदा तेवढाच मोडला असता. ते १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून पायी निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. मधल्या दिवसांत वाटेवरच्या गावांत सभा झाल्या, वर्तमानपत्रांना रोज पुढची बातमी मिळाली आणि अटक करावी की थांबावं, हा पेच सरकारपुढे रोज नव्याने उभा राहिला. म्हणजे चालणं हे दांडीला पोचण्याचं साधन नव्हतंच, युक्तिवाद चालण्यातच होता. गाडीची कल्पना शेजारी ठेवेपर्यंत मला हे दिसलं नव्हतं.

चळवळीचा अभ्यास भाषणापेक्षा अवघड, कारण तिला एक वक्ता नसतो, एक मजकूर नसतो. अभ्यासक लीलंड ग्रिफिन यांनी १९५२ मध्ये चळवळीचे आरंभ, निर्णायक पेच आणि परिणती असे टप्पे सुचवले. चौकट सोयीची आहे. तरी पहिल्यांदा अख्खी चळवळ घेऊ नका. एक आठवडा घ्या, नाहीतर एक घोषणा. मी अख्खी घेतली होती आणि प्रबंधाची रूपरेषा तीनदा फाडली.

सिद्धांत उशिरा आणा. सिद्धांतकार केनेथ बर्क यांची पाच पदं (कृती, प्रसंग, कर्ता, साधन, हेतू) हाती लागली की प्रत्येक भाषणाचे पाच तुकडे करण्याचा मोह होतो. साचा गच्च भरतो, कळत काहीच नाही. सिद्धांतांचं भांडण खरं कशावरून असतं, ते पाहायचं तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ३ नोव्हेंबर १९६९च्या व्हिएतनामवरच्या भाषणाभोवतीचा वाद वाचा. समीक्षक फोर्ब्स हिल यांनी अरिस्टॉटलच्या वाटेने जाऊन विचारलं, की ज्या श्रोत्यांना वळवायचं होतं त्यांच्यासाठी निक्सननी साधनं नीट निवडली का. कार्लिन कोर्स कॅम्पबेल यांचं म्हणणं होतं, की भाषणातली विधानं खरी आहेत का आणि ती कोणाला वगळतात, हे विचारल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. मी कॅम्पबेल यांच्या बाजूची आहे. पण हिल वाचले नसते तर माझी समीक्षा नुसती नापसंती होऊन बसली असती.

परिणामाबद्दल बोलताना जीभ आवरा. १९६०च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या केनेडी-निक्सन वादचर्चेत रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले आणि टीव्ही पाहणाऱ्यांना केनेडी, हे इतक्यांदा सांगितलं गेलं आहे की ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. त्यामागचा पुरावा फार तोकडा आहे. मजकूर ऐकणाऱ्यांना काय मानायचं निमंत्रण देतो, ते दाखवता येतं. ते किती जणांनी स्वीकारलं, ते मजकूर सांगत नाही.

नोकरीचं लोक विचारतातच. या नावाची जाहिरात शोधू नका. अध्यापन, भाषणलेखन, संपादन, जनमोहिमांचं काम, अशा ठिकाणी ही नजर खपते.

आता माझी सर्वांत मोठी फजिती. गुलामगिरीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथ यांच्या १८५१च्या, अमेरिकेतल्या ॲक्रन इथल्या भाषणावर मी लिहीत होते. 'मी बाई नाही का?' हे पालुपद दर वेळी अर्थ कसा बदलतं, यावर सहा पानं झाली होती. मग कळलं, की भाषणानंतर महिन्याभरात मारियस रॉबिन्सन यांनी छापलेल्या वृत्तांतात ते पालुपदच नाही. ते येतं फ्रान्सिस गेज यांनी १८६३ मध्ये, बारा वर्षांनी, प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत. तिथे ट्रुथ यांच्या तोंडी अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली आहे. प्रत्यक्षात त्या न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या आणि त्यांची पहिली भाषा डच होती.

भाषणाची कोणती प्रत हातात आहे, हे मी पाहिलंच नव्हतं. सहा पानं बाजूला ठेवली आणि प्रश्न फिरवला : १८५१च्या बातमीला जे पालुपद लागलं नाही, ते ऐन अमेरिकी यादवी युद्धात, १८६३च्या वाचकांसाठी का लागलं? नवा निबंध परत आला तेव्हा समासात अकरा प्रश्न होते.