जुन्या सॅम्पलरला मेमरी कार्ड बसवताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. काहींचं यंत्र खरोखर बिघडलेलं असतं. बाकीच्यांनी चांगलं चालणारं यंत्र घरी उघडलेलं असतं आणि उरलेले स्क्रू रुमालात बांधून आणलेले असतात. हे लिहितोय ते या दुसऱ्यांसाठी.

आमच्या वडशाला (गडचिरोली जिल्हा) दिवाळीनंतर नाटकांचा मोसम लागतो. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं नाटक रात्रभर चालतं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड असतंच, पण काही मंडळींकडे शहरातल्या स्टुडिओंनी टाकून दिलेले नव्वदच्या दशकातले सॅम्पलरही, म्हणजे आवाज भरून घेऊन कळीवर वाजवणारी यंत्रंही, आलेत. अकाई कंपनीचा एस-२०००, एस-३०००एक्सएल, एखादा एमपीसी. घोड्याच्या टापा, देवळाची घंटा, पिस्तुलाचा बार, सगळं एका कळीवर. यंत्रं दणकट आहेत, आयुष्य संपलं ते फ्लॉपीचं. म्हणून कार्ड बसवायला माझा विरोध नाही, मीच बसवून देतो. वाटा दोन आहेत: फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेकसारखा पेनड्राइव्हवाला डबा, किंवा मागच्या स्कझी पोर्टवर (बाहेरची डिस्क जोडायची जुनी जागा) कार्डाचा अडॅप्टर. दोन्ही कामं अर्ध्या तासाची, असं व्हिडिओत सांगतात. त्या अर्ध्या तासाआधीचे दोन दिवस कोणी दाखवत नाही.

आधी ड्राइव्ह भंगारात, मग फ्लॉपी आठवली

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता यंत्र टेबलावर ठेवायच्या आधीच विचारतो, "जुन्या फ्लॉप्या कुठं आहेत?"

एका मंडळीचे ऑर्गनवाले काका त्यांचा एस-२००० घेऊन आले. सोबत भाचा. भाच्यानं ऑनलाइन गोटेक मागवला, जुनी ड्राइव्ह काढली, नवा डबा बसवला. यंत्र सुरू झालं, पडद्यावर सगळं बरोबर. फक्त आवाज एकही नाही. आवाज होते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तेवीस फ्लॉप्यांवर. मी म्हटलं, जुनी ड्राइव्ह दे, आधी या वाचून घेऊ. तर म्हणतो, "ते तं भंगारात देल्ली. आता फ्लॉपीचं काय काम हाय?" काका छताकडे बघत बसले.

मग भाच्यानं यूएसबीची स्वस्त फ्लॉपी ड्राइव्ह आणली. संगणक म्हणाला, डिस्क फॉरमॅट केलेली नाही. म्हणणारच. त्या ड्राइव्हला पीसीची ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढीच मांडणी कळते. अकाई त्याच एचडी फ्लॉपीवर एका ट्रॅकमध्ये १०२४ बाइटचे दहा सेक्टर बसवतो आणि १.६ एमबी भरतो. एन्सोनिक या दुसऱ्या सॅम्पलर कंपनीचं गणित तिसरंच. फ्लॉपी धडधाकट असते, वाचणाऱ्याला ती भाषा येत नसते.

यावर उपाय म्हणजे ग्रीजवीझल नावाचा छोटा बोर्ड. संगणकाच्या आतली साधी साडेतीन इंची जुनी ड्राइव्ह त्याला जोडायची. तो चुंबकीय खुणा जशाच्या तशा उचलतो आणि मांडणी कुठली हे नंतर सॉफ्टवेअर ठरवतं. पण काकांचा डबा चार पावसाळे माळ्यावर होता. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली की आत पांढरी बुरशी दिसायची. अशी फ्लॉपी तशीच घातली तर बुरशी हेडला लागते आणि तोच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा काढतो. म्हणून एकेक फ्लॉपी उघडायची, कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चकती हळूहळू फिरवत पुसायची, वाळू द्यायची, वाचायची आणि परत हेड पुसायचा. दोन दिवस दुकानात तेच चाललं. तेविसातल्या एकोणीस निघाल्या, चार गेल्या. त्या चारांत होती आकाशातली वीज. त्यांच्या नाटकात शेवटी खलनायकावर वीज कोसळते, नेमकी तीच.

तेव्हा क्रम असा: आधी सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रती, त्या दोन ठिकाणी, मग पेचकस. आणि जुनी ड्राइव्ह चालत नसली तरी फेकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवा. एन्सोनिकच्या ईपीएस किंवा एएसआर-१० वाल्यांनी तर जास्तच जपावं. त्या यंत्रांची ऑपरेटिंग सिस्टीमच डिस्कवरून चढते. ती फ्लॉपी गेली तर यंत्र म्हणजे जड पाट.

गोटेक जसा आला तसाच बसवणं

बाजारात मिळणाऱ्या साध्या गोटेकचं मूळ फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, पीसीच्या १.४४ एमबी फ्लॉपीचीच नक्कल करतं. त्याच्या जागी फ्लॅशफ्लॉपी किंवा एचएक्ससी हे दुसरं फर्मवेअर चढवावं लागतं. फ्लॅशफ्लॉपी फुकट आहे. पेनड्राइव्हवर एफएफ डॉट सीएफजी नावाची एक फाइल ठेवायची (अक्षरं इंग्रजीच) आणि त्यात होस्ट म्हणून अकाई की एन्सोनिक ते लिहायचं. पोरं ही फाइल वाचत नाहीत आणि "माल खराब आला" म्हणून परत पाठवतात.

दुसरी गोष्ट जंपरची, म्हणजे पिनांवर चढवायच्या छोट्या टोपीची. पीसी फ्लॉपीला एका क्रमांकानं हाक मारतो, बरेच सॅम्पलर दुसऱ्यानं. बहुधा एस-शून्य लिहिलेल्या पिनांवर जंपर हवा. शिवाय ३४ क्रमांकाच्या पिनवर पीसीला "डिस्क बदलली" हा निरोप लागतो, तर पुष्कळ जुन्या यंत्रांना "तयार आहे" हा. त्याच फाइलीत इंटरफेसच्या ओळीत शुगार्ट लिहिलं की हे जुळतं. आणि यंत्र चालू करताच ड्राइव्हचा दिवा लागून तसाच जळत राहिला तर डोकं खाजवू नका, रिबन केबल उलटी आहे. यंत्र बंद करा, सुलटी लावा. रागानं तिसऱ्यांदा चालू करून बघू नका.

कार्ड म्हणजे यंत्राची मेमरी नव्हे

आता माझी दुसरी डोकेदुखी. पोरं बत्तीस जीबीचं कार्ड घालतात आणि समजतात की यंत्राला बत्तीस जीबीची मेमरी आली. बाबांनो, कार्ड हे फडताळ आहे. स्वयंपाक ओट्यावर होतो, आणि ओटा तेवढाच राहतो. एस-२००० कारखान्यातून २ एमबी रॅम, म्हणजे हा ओटा, घेऊन निघायचा, वाढवून वाढवून ३२ एमबी. ४४.१ किलोहर्ट्झला, १६ बिटमध्ये, स्टिरिओ आवाज सेकंदाला सुमारे १७६ केबी खातो. २ एमबीत बारा सेकंदही बसत नाहीत. ३२ एमबीत तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. "अख्खं गाणं टाकून द्या" म्हणणाऱ्याला मी मोबाइल घ्यायला सांगतो.

हा गैरसमज पैशांपुरता असता तर सोडून दिला असता. काकांच्या भाच्याचं ऐका. हरवलेली वीज परत हवी होती. पोरगा कामाचा, हे मान्य करतो. परसात छपराचा जुना पत्रा दोरीनं टांगला, समोर माईक धरला, पत्रा हलवला, ठोकला. असा गडगडाट निघाला की शेजारची कुत्री पळाली. सॅम्पलरमध्ये घेतला, आगामागचं कापलं, खालच्या कळीवर बसवला. मी विचारलं, सेव्ह केलं का? "कार्ड घातलं हाय ना, मंग सेव्ह कायले करा लागते?" माझ्यासमोर करायला लावायला हवं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं, राहून गेलं.

प्रयोग ब्रह्मपुरीच्या बाजूच्या एका गावात, मंडईचा (इकडच्या जत्रेचा) दिवस. यंत्र दुपारपासून चालू, वीज कळीवर हजर. मध्यरात्रीनंतर जनरेटर डिझेलपायी थांबला. पाच मिनिटांत परत सुरू झाला, लोक जागेवरून हललेही नाहीत. पण वीज गेली, आणि तिच्यासोबत वीजही गेली. सॅम्पलरची रॅम करंट तुटला की कोरी होते. कार्डावरून घोडे आले, घंटा आली, पाऊस आला. जे कधी कार्डावर गेलंच नव्हतं ते कुठून येणार? शेवटच्या अंकात खलनायक हात वर करून उभा. वाट पाहिली, पाहिली. काकांनी ऑर्गनच्या खालच्या पट्ट्यांवर दोन्ही पंजे दाबले, तबलेवाल्यानं डग्गा घुमवला आणि तो बिचारा स्वतःच्या हिशेबानं पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी भाच्याकडे आठ दिवस पाहिलं नाही.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. नवा आवाज बसला की दोन वेगळ्या नावांनी सेव्ह. मग यंत्र बंद. दहा आकडे मोजायचे. चालू करून कार्डावरून तोच आवाज चढवायचा आणि कानानं ऐकायचा. ऐकू आला तरच तो आवाज आपल्याकडे आहे. यंत्राच्या झाकणावर कागदी टेप लावून पेन्सिलीनं तारीख लिहितो. पोरं हसतात, हसू द्या.

संगणकाच्या प्रश्नाला "हो" म्हणणं

काही स्कझी अडॅप्टर, उदाहरणार्थ स्कझी-टू-एसडी, कार्डावर थेट सॅम्पलरच्या मांडणीत लिहितात. ते कार्ड विंडोजमध्ये घातलं की ते नम्रपणे विचारतं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? आणि आपला माणूस घाईनं हो दाबतो. वर्षाची मेहनत एका बोटाखाली. याच कारणासाठी मला ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी हे अडॅप्टर आवडतात. त्यात कार्ड साधं असतं आणि त्यावर डिस्कची एकेक फाइल. कॉपी मारली की बॅकअप झाला. फाइलच्या नावातच सगळं असतं: ब्लूस्कझीत एचडी, मग आयडीचा (स्कझीवरच्या त्या डिस्कच्या क्रमांकाचा) आकडा, मग शून्य, मग ५१२ (हेही इंग्रजीत). काही अडलं तर दोन्ही अडॅप्टर कार्डावर एक लॉग फाइल लिहून ठेवतात. ती उघडून वाचायची असते. मला व्हॉट्सअॅपवर यंत्राचा फोटो पाठवून "काहून चालत नाही?" विचारायचं नसतं.

स्कझीतल्या बाकीच्या भानगडी

अकाईची एस-१०००, एस-३००० ही मालिका साधारण ५१२ एमबीच्या पुढची डिस्क वापरत नाही, आणि तेवढीही ६० एमबीच्या वाट्यांत वाटून घेते. मोठ्या कार्डाची फुशारकी इथं संपते. प्रत्येक नाटकाची वेगळी छोटी फाइल करा, शोधायलाही बरं पडतं.

आयडी शून्य ते सात. सॅम्पलरचा स्वतःचाही एक असतो, बहुधा सहा किंवा सात. अडॅप्टरला तोच दिला तर दोघंही गप्प.

टर्मिनेशन (सिग्नल परत फिरू न देणारे रोधक) साखळीच्या दोन्ही टोकांना, मध्ये कुठंच नाही. "कधी दिसते, कधी नाही दिसत" ही तक्रार आली की मी आधी हेच बघतो, मग केबल बदलतो, आणि दहातल्या आठ वेळा तिसरं काही बघावं लागत नाही. काही यंत्रं टर्मिनेशनचे ५ व्होल्ट केबलमधून पाठवत नाहीत. तिथं अडॅप्टरला वेगळा करंट द्या.

२५ पिनांचा स्कझी पोर्ट आणि जुन्या प्रिंटरचा पोर्ट दिसायला सारखेच. झिप ड्राइव्हही (जुन्या काळची काढता येणाऱ्या डिस्कची ड्राइव्ह) दोन्ही प्रकारची यायची. भंगारातून आणलेली ड्राइव्ह "बसते" म्हणून जोडू नका, पोर्ट जाळाल. आणि स्कझीची केबल यंत्र चालू असताना लावायची किंवा काढायची नाही. अजिबात नाही.

फटाफट

कार्ड महाग आणि वेगवान घेऊन फायदा नाही, सॅम्पलरचा वेग तोच राहतो. पण बनावट घेऊ नका. ६४ जीबी छापलेल्या कार्डात आत आठच निघतात, आणि आठ भरेपर्यंत कळत नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या संगणकावरच्या प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा.

गोटेकसाठी ३२ जीबीच्या वरचं काही घेऊ नका, फॅट-३२ मांडणीत फॉरमॅट करताना विंडोज बहुधा अडतं. मला तर चार जीबीचा जुना पेनड्राइव्हच भरवशाचा वाटतो.

जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असू शकतं. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग घालू नका.

प्लग काढल्या काढल्या आत हात घालू नका. आपल्या २३० व्होल्टवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट भरलेले असू शकतात. मी चहा पिऊन येतो, मग मीटरनं मोजतो.

अडॅप्टर दुहेरी टेपनं चिकटवू नका. आपल्याकडचा मे महिना माहीत आहे ना? गोंद पाघळतो, बोर्ड सुटून सप्लायवर पडतो. प्लॅस्टिकचे खांब आणि स्क्रू घ्या, फार महाग नसतात.

आणि ड्राइव्ह काढून स्कझीवर गेलात तर समोरची फट उघडी ठेवू नका. मागच्या पावसाळ्यात एक एमपीसी आला. फटीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, आत चार खोल्या आणि खोल्यांमध्ये अळ्या. मालक म्हणाला, आवाज फाटून येतो. मी चिमट्यानं माती काढत होतो आणि तो विचारत होता, "भाऊ, कार्ड बदलू का?"