दुधाचे दात: रात्रीचा ब्रश का चुकवायचा नाही

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो, बहुतेकदा खाली पुढे. ब्रश त्याच दिवसापासून सुरू करायचा. त्याआधी ओल्या, मऊ सुती कापडाने हिरड्या पुसल्या तरी पुरे. ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच’ असं घरोघरी म्हणतात. पण मागच्या दुधाच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत टिकायला हव्यात. त्या किडून आधीच काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांना जागा उरत नाही.

पेस्ट फ्लोराइडची घ्या, म्हणजे दात किडीपासून वाचवणाऱ्या क्षाराची, साधारण 1000 पीपीएमची (दहा लाख भागांत 1000 भाग फ्लोराइड). मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, म्हणून ट्यूबवर वाचून बघा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायला शिकवा, पण खळखळून चूळ भरायला लावू नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे पेस्ट निवडताना दंतवैद्यांना विचारा. मशेरी मुलांच्या हिरड्यांना कधीही लावू नका, तो तंबाखूच आहे.

घासताना मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर, तोंड वर. वरचा ओठ बोटाने उचला. ओठ आणि हिरडी जोडणारी पातळ दोरी मध्यभागी दिसेल, ती बोटाखाली झाका. ब्रश तिला लागला की दुखतं. मूल पुढच्या दातांना हात लावू देत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून छोटे गोल फिरवा. दाढांच्या मागच्या बाजू विसरू नका. दात एकमेकांना टेकले, की त्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा बारीक धागा, लागतो. मूल ब्रश हातात मागतं, तर द्या, पण शेवटचा हात सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांचाच हवा.

सकाळचा ब्रश एखाद्या दिवशी राहिला तर चालेल, रात्रीचा नको. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दातांवर राहिलेली साखर धुतली जात नाही. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालचे जिभेमुळे आणि लाळेमुळे वाचतात. दूध आधी, ब्रश नंतर, मग फक्त पाणी. रात्रीच्या गोड सिरपनंतरही दात पुसा. चोखणीला मध लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध मुळीच नाही.

महिन्यातून एकदा उजेडात वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ म्हणजे किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइड वार्निश (दंतवैद्य दातांवर लावतात तो लेप) आणि नीट ब्रशिंगने ती बहुधा थांबते. तपकिरी खड्डा पडला की भरावाच लागतो. पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत.

सहाव्या वर्षी सगळ्यात मागे एक दाढ येते. ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाची समजून दुर्लक्ष होतं, पण ती कायमची आहे. ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असेपर्यंत ब्रश तिच्यावरून घसरतो. ब्रश गालाकडून आडवा घालून तिचा माथा वेगळा घासा.