सिनेमाच्या डिस्क कशा घ्यायच्या, कशा धुवायच्या आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कशा टिकवायच्या

सिनेमा ॲपवर विकत घेतलाय, आता डिस्क कशाला, असं मला सारखं कोणीतरी ऐकवतं. मीपण घेतले होते, पूर्ण पैसे भरून, आणि त्यातला एक एके दिवशी लायब्ररीतून गायब झाला, कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे हक्काचा करार संपला. तिथे आपल्याला मिळतं ते बघण्याचं लायसन्स. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने जाहीर केलं होतं की लोकांनी प्लेस्टेशनवर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकणार, मग नवा करार झाला म्हणून ते वाचले. आणि कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की असं लायसन्स विकताना गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगायचं. म्हणून जो सिनेमा दहा वर्षांनी मुलांना दाखवायचाय तो डिस्कवर घ्या. एकदाच बघायचा असेल तर भाड्याने बघा, उगाच कपाट भरू नका.

घ्यायच्या कुठे? जुन्या डिस्क रद्दीवाल्याकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, आणि सगळ्यात जास्त नातेवाइकांच्या घरी पडून असतात. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने वीसीडी (म्हणजे सीडीवरचा सिनेमा) २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत आणली, तेव्हा घरोघरी ढिगाने घेतल्या गेल्या. विचारून बघा, लोक आनंदाने देतात.

घेताना डिस्क उलटी करा. खालची बाजू चांदीसारखी असेल तर कारखान्यात छापलेली, जांभळट किंवा हिरवट असेल तर कोणीतरी बर्न केलेली, ती सोडा. वीसीडी असेल तर ट्यूबलाइटसमोर धरा, बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला डेटाचा चमकता थर गेला, परत ठेवून द्या. परदेशातून आलेल्या डीव्हीडीवर रिजन, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल तो आकडा, बघा, आपला ५ आहे. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, तेव्हा उगाच बदलत बसू नका.

आता धुणं. इथेच सगळे चुकतात आणि मीपण दोन वर्षं चुकलो. माझ्या मामांनी जपलेल्या जुन्या मराठी नाटकाच्या वीसीडी होत्या, अडकत होत्या, तर मी बनियनच्या कापडाने गोल गोल घासल्या, मग कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावली, आणि तीनपैकी दोन कायमच्या गेल्या. ते नाटक मला आजवर दुसरीकडे कुठेच मिळालं नाही. टूथपेस्टचा सल्ला देणारे अजून भेटतात, त्यांचं अजिबात ऐकू नका, पेस्टमध्ये बारीक घासणारी पावडर असते.

गोल का नाही ते समजून घ्या म्हणजे हात आपोआप बरोबर चालेल. डिस्कवरचा डेटा आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांब गोल वळणाच्या रेषेवर असतो. तुम्ही गोल घासलं आणि चरा पडला तर तो त्या रेषेच्याच दिशेने जातो आणि सलग मोठा तुकडा खातो. मधून काठाकडे सरळ पुसलं तर चरा रेषेला आडवा पडतो, प्रत्येक ठिकाणी थोडंसंच जातं आणि तेवढं प्लेअर स्वतः भरून काढतो. म्हणून आधी नळाच्या बारीक धारेखाली धूळ जाऊ द्या, मग बोटावर भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, मधून काठाकडे, शेवटचं पाणी आरओचं घ्या कारण साध्या पाण्याचे डाग राहतात, आणि चष्म्याच्या मऊ कापडाने टिपा, तेही मधून काठाकडेच. चिकट डाग असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांच्या जवळपास पण जाऊ नका.

आणि वीसीडीची वरची, चित्राची बाजू जपा, खालच्यापेक्षा जास्त. लोक खालची जपतात आणि वरच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहितात! वीसीडीत डेटा त्या चित्राच्या लगेच खाली असतो, वर फक्त लॅकरचा पातळ थर. खालचा चरा कधीकधी निभतो, वरचा निभत नाही. डीव्हीडीत डेटा ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, तिथे भीती वेगळी, डबीतून काढताना वाकवली तर चकत्या सुटतात. मधलं बटण दाबा, मग उचला.

धुतल्यावर लावून बघा, पण सुरुवात बघून खूश होऊ नका, शेवटची दहा मिनिटं लावा. वीसीडी आणि एका थराच्या डीव्हीडीत सिनेमाचा शेवट काठाकडे येतो आणि बोटं तिथेच लागलेली असतात.

ठेवायचं म्हणजे उभ्या, कडक डबीत. बस. पण नागपुरात दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. माळ्यावर नको, मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा स्लॅबखालचा माळा भट्टी होतो, तिथे डिस्क वाकतात आणि मऊ प्लास्टिकची पाकिटं डिस्कला चिकटून तेलकट थर सोडतात. दुसरं, कूलर. कूलरच्या झोतासमोर कपाट असेल तर चार महिने ओली हवा आत जाते, मग पावसाळा लागतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत डबी उघडली की पांढरी बुरशी. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून तिथेच ठेवून राहिला, पापड तरी ठेवतो का आपण कूलरसमोर?" त्या दिवशी कपाट आतल्या खोलीत नेलं, खालच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तेव्हापासून एकही डिस्क खराब झाली नाही.

प्लेअर आत्ताच घेऊन ठेवा. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवीन ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची डिस्क) प्लेअर आणणं थांबवलं, जुने चालू प्लेअर अजून मिळतात. घ्यायला जाताना स्वतःची एक धुतलेली डिस्क सोबत न्या आणि दुकानातच शेवटची दहा मिनिटं लावून बघा.